सेवेचा पेशा आणि घरची अब्रू

सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर उमरगा हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां या तालुक्यांतील आणि शेजारच्या औसा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें मातीस मिळालीं व सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. जखमींची गणती हजारांनीं होती. ढिगाऱ्यांतून काढलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस कोणी सांभाळावें लागतें, हें त्या दिवसांत या भागानें डोळ्यांनीं पाहिलें. तरीसुद्धां घरांतल्या मुलीनें परिचारिका होण्याचा मनोदय बोलून दाखविला, कीं पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांचा सूर बदलतो. रात्रपाळी कशी करणार? परक्या पुरुषाच्या अंगास हात कसा लावणार? आणि उद्यां लग्न कसें जमणार?

हा आक्षेप आजचा नाहीं. त्याचें मूळ शोधूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. शुश्रूषेचें काम आपल्या समाजानें कधींच कमी लेखलें नव्हतें. अंथरुणास खिळलेल्या सासऱ्याचें मलमूत्र काढणारी सून कर्तव्यदक्ष म्हणून वाखाणली जाई. तेंच काम तिनें अनोळखी माणसासाठीं केलें आणि त्याचें वेतन घेतलें, कीं तें हलकें ठरे. सुइणीचेंच पाहा. तिच्यावांचून एकाही घरांत पाळणा हलत नसे. पण बाळंतपण म्हणजे विटाळ, म्हणून तिला मान उंबऱ्याबाहेरचाच. थोडक्यांत, दोष कामाला नव्हता. स्पर्श कोणाचा आणि कोणाला, यावर सारी प्रतिष्ठा अवलंबून होती.

विलायतेंतही यापेक्षां फारसें निराळें नव्हतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही धनवान घराण्यांतील मुलगी; तिला हा मार्ग धरूं देण्यास घरच्यांनीं कित्येक वर्षें विरोध केला. १८६० मध्यें तिनें लंडनमध्यें परिचारिकांची शाळा काढली, तेव्हां कोठें या पेशाकडे पाहण्याची दृष्टि हळूहळू पालटूं लागली. आपल्याकडे मुंबईस १८९१ मध्यें काशीबाई गणपत यांनीं या शिक्षणांत पाऊल टाकलें. पुण्यास १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं कोणत्याही रुग्णालयांत शिक्षण घेतलेलें नव्हतें. परंतु उंबऱ्याबाहेरच्या माणसाला स्पर्श करण्याचा प्रश्न त्यांनीं आपल्यापुरता कायमचा सोडविला होता.

तो प्रश्न सामान्य घरांतील बायकांसाठीं कसा सोडवावयाचा, याची हकीकतही पुण्याचीच आहे. उमरगा त्या वेळीं, आणि पुढें १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यांत होतें. या हकीकतीचें लोण सोलापुरापर्यंत मात्र पोंचलें. तेथें पुण्याच्या सेवासदनाची शाखा निघाली.

न्यायमूर्ति रानडे १९०१ मध्यें वारले. त्यानंतर रमाबाई रानडे येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांची विचारपूस करूं लागल्या, आणि ससून रुग्णालयांतील आजाऱ्यांना फळेंफुलें घेऊन भेटूं लागल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें त्यांनीं पुणें सेवासदन सुरू केलें, आणि १९११ पासून सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससूनमध्यें परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. हें वाक्य वाचावयास सोपें आहे; घडून येण्यास फार कठीण होतें. या शिक्षणासाठीं पुढें यावयाच्या त्या बहुतांशीं तरुण विधवा. सोवळ्याओवळ्याच्या घरांत वाढलेल्या बाईनें सर्व जातींच्या रोग्यांची अंथरुणें बदलावयाचीं, जखमा धुवावयाच्या, आणि रात्रीं घराबाहेर राहावयाचें! आरंभीं प्रतिसाद अगदींच तुटपुंजा होता. म्हणून सेवासदनानें शिकविण्याची सोय केली तेवढ्यावर न थांबतां परिचारिकांसाठीं वसतिगृहही काढलें. बाईच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था नीट असल्यावांचून तिच्या मनांतील सदिच्छेला पाय फुटत नाहींत, हें रमाबाईंनीं ओळखलें होतें.

या बायकांनीं हा पेशा सेवेच्या ओढीनें पत्करला कीं पोटासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. तो प्रश्न विचारणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो. विधवा बाई माहेरीं किंवा सासरीं दोन वेळच्या अन्नावर साऱ्या घराची सेवा करीतच होती. तिची संमति कोणी विचारली नव्हती. रुग्णालयांत तिनें तीच सेवा स्वतःच्या निवडीनें आणि स्वतःच्या मिळकतीवर केली. वेतनानें सेवा बाटत नाहीं. उलट, जी नाकारण्याची मोकळीक नाहीं, तिला सेवा म्हणावें कीं वेठ, हाच खरा प्रश्न आहे.

सेवासदनाच्या एका पारितोषिक-समारंभाची गोष्ट प्रसिद्ध आहे. आलवण नेसलेली, केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हां गॅलरींत बसलेल्या विद्यार्थ्यांनीं तिची हुर्यो उडविली. शेवटच्या भाषणांत रमाबाईंचा संताप आणि दुःख आवरलें नाहीं. तुमच्यांपैकीं कोणाच्या घरीं विधवा बहीण, आत्या किंवा आई नाहीं, असा त्यांचा त्या तरुणांना सवाल होता. जी निष्पाप आहे तिला हंसणाऱ्याला सुशिक्षित कसें म्हणावें, असेंही त्यांनीं सुनावलें. हंसणारे पदवीच्या वाटेवरचे होते, आणि जिला ते हंसले तिनें स्वतःच्या हिमतीवर विद्या मिळविली होती, हें विसरतां येत नाहीं. रमाबाई १९२४ मध्यें वारल्या; तोंवर सेवासदनाचें काम चांगलें रुजलें होतें.

पेशाला कायद्याची चौकट पुढें आली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा आहे. नाइटिंगेलच्या नांवानें परिचारिका जी शपथ घेतात, ती तिनें स्वतः लिहिलेली नाहीं. १८९३ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें ती तयार झाली. रोग्याच्या घरगुती गोष्टी बाहेर फोडणार नाहीं, असें तींत एक वचन आहे. मोठ्या शहरांत हें वचन पाळणें सोपें. तालुक्याच्या गांवीं, जेथें रोगी, त्याचे व्याही आणि परिचारिकेचा चुलता एकाच बाजारांत भेटतात, तेथें मुकाट राहणें ही रोजचीच परीक्षा असते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीस रक्ताची भीति वाटते का, हें सारे विचारतात. तिच्या पोटांत गोष्ट राहते का, हें कोणीच विचारीत नाहीं.

घरच्यांची भीति मात्र अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका नोकरानें अमानुष हल्ला केला. ती पुन्हा कधीं शुद्धीवर आली नाहीं. तेव्हां मुंबईच्या परिचारिकांनीं संप केला. आपल्या सुरक्षिततेची मागणी करणें हें सेवाधर्माविरुद्ध आहे असें त्यांनीं मानलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत तिला रुग्णालयांतून हलविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हां त्याच आड आल्या. जिनें तिला निरोगी पाहिलें होतें ती पिढी निवृत्त झाली. ज्या मुलींनीं तिचें नांवच तेवढें ऐकलें होतें, त्यांनीं तिला भरविण्याचें, पुसण्याचें, कुशीवर वळविण्याचें काम उचललें. तिला दयामरण मिळावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें तो फेटाळला, आणि तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. असा निर्णय बरोबर कीं चूक याबद्दल विचारी माणसांत मतभेद आहेत. १८ मे २०१५ रोजीं तिचा अंत झाला. तिची तपासणी झाली तेव्हां अंथरुणास खिळून ३७ वर्षें लोटलीं होतीं. एवढ्या काळांत तिच्या पाठीला एकही जखम पडूं दिलेली नव्हती, अशी नोंद न्यायालयाच्या निकालपत्रांत आहे.