गाडी मोडून दांडे

शके १८०१, वैशाखाचा शेवटचा आठवडा. इंग्रजी हिशेबानं १८७९चा मे. भीमथडीतल्या एका गावात, सुताराच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली तुम्ही उकिडवे बसला आहात. समोर बैलगाडी आहे, म्हणजे तिचं जे उरलंय ते. चाकांवरच्या लोखंडी धावा लोहाराकडे विकल्या गेल्या. जू आहे, पण त्याखाली मान द्यायला बैल नाहीत.

१८७६ला पाऊस चुकला. आधी कडबा संपला, मग गोठ्याच्या छपराचं गवत बैलांपुढे पडलं, आणि शेवटी बैलच गेले. गाडीचा मालक तिच्याजवळ उभा आहे. त्याला दोन कुदळींना, एका कुऱ्हाडीला आणि जमलं तर खोऱ्याला दांडे हवे आहेत. नांगर ओढायला कोणी नाही, तेव्हा यंदा जमेल तेवढं रान हातानं खणायचं.

लाकूड कुणब्यानं आणायचं आणि घडण सुतारानं बलुत्यात करायची, ही जुनी रीत. पूर्वी कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी घाटाकडचा धावडा मिळे. आता १८७८चा जंगल कायदा आला आहे. राखलेल्या रानात परवानगीशिवाय कुऱ्हाड घातली, तर शिपाई धरून नेतो. म्हणून मालकानं घरचीच गाडी मोडायला आणली आहे.

"पाव्हणं, नुसतं बघू नका. धरा हे," सुतार म्हणतो.

तो चाकाच्या तुंब्यावर घाव घालतो. एकेक आरा सुटतो. तुमचं काम ते निवडण्याचं. आरा दोन बोटांत उभा लोंबता धरायचा आणि दुसऱ्या आऱ्यानं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर चुलीकडे. आतून किडीनं खाल्लेलं लाकूड डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. एका पाटीवर खिळ्याभोवती काळा डाग पसरलेला दिसतो. बाभळीत तुरट रस फार, लोखंड लागलं की ती अशी काळी पडते. "तिथं वाकस घालू नका, धार जाईल. खिळा मोडून आत राहिलेला असतो," सुतार बजावतो.

तुम्ही विचारता, बांधावरची ओली बाभूळ का नाही तोडली? ती तर मालकाच्याच रानात आहे.

"ओला दांडा आज घट्ट बसंल आन् वाळला की आवळंल. मृगात कुदळ डोक्यावर उचलली की लोखंड मागच्याच्या टाळक्यात. ह्या आऱ्यानं किती पावसाळं खाल्लं! काय आवळायचं ते आवळून झालं. आन् कच्चा असता तर भरल्या गाडीखाली कवाच मोडला असता."

तो आरा पायांच्या अंगठ्यांत धरतो आणि वाकसानं तासू लागतो. तांबूस ढलप्या उडतात. काही वेळानं वाकस तुमच्या हाती येतो. पहिल्याच घावात तुम्ही फार खोल जाता. तो तुमचं मनगट धरून आऱ्यावरची शीर दाखवतो. शीर टोकापासून टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच बाहेर निघाली, तर दांडा नेमका तिथं दगा देणार. म्हणून लाकूड जमेल तिथं पाचर ठोकून फोडायचं. करवत शीर पाहत नाही. फोडलेलं लाकूड स्वतःच्या शिरेनंच उकलतं.

कुदळीचा दांडा एका टोकाला जाड ठेवायचा. बारीक टोक वरून कुदळीच्या नेढ्यात घालून कुदळ जाड टोकापर्यंत सरकवायची. खणताना प्रत्येक घावाला ती आणखी घट्ट बसते, पाचर लागत नाही. कुऱ्हाडीची तऱ्हा वेगळी. तिच्या दांड्याच्या टोकाला चीर देऊन पाचर ठोकायची, आणि मूठ गोल न करता लांबट ठेवायची. म्हणजे अंधारातसुद्धा पातं कुणीकडे आहे ते हाताला समजतं.

दुपार कलते. जागल्या येऊन अंगणाच्या कडेला थांबतो. त्याला गाडीच्या दांडीतून काठी काढून हवी आहे. चार वर्षांपूर्वी इथून जवळच, सुप्याच्या बाजारात, लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. आता वासुदेव बळवंत फडक्यांच्या टोळीच्या बातम्या आहेत. पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाल्याचं त्यानं ऐकलं आहे. रात्री गस्त घालायची तर हातात काहीतरी हवं. सुतार दांडीची शीर पाहतो, दोन पाचरी ठोकतो. कडाड आवाज होऊन खांद्याएवढी फाक सुटते. कडा मारून, रंधा फिरवून तो ती जागल्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवतो, हातात देत नाही. जागल्याही ती न बोलता उचलतो. गावाचा जीव ज्याच्या काठीवर, त्याच्या हाताला हात लागू द्यायचा नाही, हीही इथली रीत. ती तुम्हाला टोचते. अंगणात दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

आता दांड्यांना जवसाचं तेल. चिंधीनं चोळायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा चोळायचं. मालक कुदळ उचलून पाहतो. ज्या आऱ्यांवर बैलांनी ओढलेलं ओझं पेललं जायचं, ते आता त्याच्या दोन हातांत आले आहेत, आणि ओढणाराही तोच आहे. बलुत्याचं तो आपणहून काढतो, "खळ्यावर देईन. पिकलं तर."

"पिकलं न्हाई तर दांडा तुझाच हाय की," सुतार हसून म्हणतो. त्याच्या घरातही कणगी रिकामीच आहे.

मालक अंगणाबाहेरच्या टणक काळ्या ढेकळांवर कुदळ घालतो. एक, दोन, तीन. लोखंड हलत नाही. सुतार वळूनही पाहत नाही. उरलेल्या आऱ्यांतला एक तो तुमच्याकडे सरकवतो. "ह्यो खोऱ्याला. शीर बघून सुरू करा."