बोकड किती पानांचा?

कंदुरीला किंवा गावजत्रेच्या जेवणाला मटण किती लागेल, हा हिशेब महाराष्ट्राच्या खेड्यांत दीर्घकाळ वजनात नव्हे, तर जनावरांत मांडला गेला. १९५६ च्या कायद्याने पुढे शेर जाऊन किलो आला, तरी यजमान बोकडच मोजत राहिला. हा अडाणीपणा नव्हता. नवसाचं जनावर अख्खंच द्यायचं. म्हणजे मटण ठरलेलं, पाहुणे मात्र बेभरवशाचे. मग हातात उरतो तो रस्सा. सोललेला बोकड जिवंत वजनाच्या जेमतेम निम्मा भरतो. वीस किलोंच्या बोकडाचं नऊ-दहा किलो मटण, तेही हाडांसकट. माणशी पाव किलो धरलं तर चाळीस पानंही मुश्किलीने होतात. पंगत वाढली की फोडी लहान होतात, आदण आणि वाटण वाढतं. (मुंडी-पाय आणि वजडीचा हिशेब वेगळा.)

ही निव्वळ गरिबीची तडजोड होती, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. तसं असतं, तर सुबत्तेबरोबर रस्सा आटला असता. कोल्हापुरात मात्र आजही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मागून घेतल्या जातात, आणि त्यातला पांढरा तर मटण शिजवलेल्या अळणी पाण्यावरच उभा असतो.