ग्रंथकार आणि स्वतःचा डंका

आपला ग्रंथ चांगला आहे असे ग्रंथकाराने स्वतःच्या तोंडाने सांगावे काय? प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो. पण ज्या लेखकाच्या पाठीशी प्रकाशक नाही, ज्याने पदरमोड करून पुस्तक छापले आहे आणि ज्याच्या माळ्यावर त्या पुस्तकाचे गठ्ठे पडून आहेत, त्याच्या दृष्टीने तो रोकड्या व्यवहाराचा प्रश्न आहे. समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगताना आपली आपण स्तुती करणाराची गणना त्यांत केलेली आहे, आणि त्या शिकवणीचा पगडा आपल्या मनावरून अजून गेलेला नाही. त्यामुळे हल्लीचा होतकरू लेखक मोठ्या पेचात सापडतो. फेसबुकवर लिहावे, व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठ धाडावे, इन्स्टाग्रामवर स्वतःचे छायाचित्र झळकवावे, वाचकांचे अभिप्राय चारचौघांत मांडावे, असा उपदेश त्याला चोहोंकडून होतो. आणि पुस्तकाचे नाव तिसऱ्यांदा घेताना त्याची त्यालाच लाज वाटू लागते. ही साधने नवी आहेत हे खरे, परंतु पेच नवा नाही. तो ज्याच्या चरित्रात अगदी उघडावाघडा पाहावयास मिळतो अशा एका अमेरिकन कवीची हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

वॉल्ट व्हिटमन हा १८१९ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर एका सुताराच्या घरी जन्मला. बाराव्या वर्षी तो छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. पुढे शिक्षक झाला, वर्तमानपत्रांचा संपादक झाला. १८५५ च्या जुलैत त्याने ब्रुकलिन येथील रोम बंधूंच्या छापखान्यातून ‘लीव्हज ऑफ ग्रास’, म्हणजे ‘गवताची पाती’, हा कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने काढला. काही पानांचे खिळे त्याने आपल्या हाताने जुळवले होते. पुस्तक जेमतेम शंभर पानांचे, कवितांना मथळे नाहीत, आणि बांधणीच्या हिशेबावरून प्रती ७९५. शीर्षकपानावर कवीचे नावदेखील नव्हते. नावाच्या जागी त्याचे चित्र होते: सदऱ्याचा गळा उघडा, एक हात कमरेवर, डोक्यावर तिरकी टोपी. ज्या काळी कवी गळाबंद कोटात छबी काढून घेत, त्या काळी हे चित्र म्हणजे एक जाहीरनामाच होता. नाव सांगण्याआधी चेहरा दाखवावा, ही अक्कल आजच्या मंडळींना इन्स्टाग्रामने शिकवली असे कोणी म्हणत असेल तर त्याने हे चित्र अवश्य पाहावे.

पुस्तक विकण्यास ठेवले फाउलर आणि वेल्स यांच्याकडे. हे गृहस्थ डोक्याची उंचसखल ठेवण चाचपून स्वभाव सांगण्याच्या शास्त्राचे पुरस्कर्ते. कवितेचा आणि त्यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध एवढाच की त्यांचे दुकान होते आणि व्हिटमनला दुसरे कोणी दार उघडत नव्हते.

आता ह्या कवीने एक गोष्ट फार चांगली केली. पुस्तकाची एक प्रत कॉन्कॉर्डला राल्फ वाल्डो एमर्सन यांच्याकडे गेली. एमर्सन म्हणजे त्या देशातील त्या काळचे सर्वांत मान्यवर विचारवंत. नव्या अमेरिकेला नवा कवी हवा असे तेच वर्षानुवर्षे सांगत होते. म्हणजे प्रत पाठवली ती केवळ मोठ्या माणसाला नव्हे, तर ज्याला ती नेमकी हवी होती त्या माणसाला. एमर्सननी २१ जुलै रोजी मनमोकळे, उदार स्तुतीचे पत्र धाडले. अनोळखी लेखकाला याहून अधिक काय मिळावयाचे!

येथून पुढे मात्र पाऊल घसरू लागले. ते पत्र खाजगी होते. व्हिटमनने एमर्सनना न विचारता ऑक्टोबरात ते न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात छापू दिले. पुढल्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या पत्रातील अभिनंदनाचे एक वाक्य एमर्सनच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत ठसवले! शिवाय पुस्तकाच्या शेवटी सबंध पत्र आणि त्याला कवीचे लांबलचक जाहीर उत्तर. त्या उत्तरात पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती हातोहात गेल्याचे सांगितले आहे. मुळात हजार प्रती छापल्याच नव्हत्या. दुसऱ्या आवृत्तीतल्या नव्या कविता एमर्सननी पाहिलेल्याही नसताना त्यांची जणू जामीनकी घेतली गेली. कोणी आपल्याला आपुलकीने दोन ओळींचा निरोप पाठवावा आणि आपण त्याचे छायाचित्र काढून गावभर फिरवावे, हा आजचा प्रकार याच कुळातला.

याहून वाईट ती परीक्षणे. १८५५ सालीच तीन नियतकालिकांत ह्या पुस्तकावर बिननावाचे लेख आले, आणि ते तिन्ही खुद्द व्हिटमनने लिहिलेले होते. एकात अमेरिकेला अखेर आपला कवी लाभला असा पुकारा केला आहे; दुसऱ्यात कवीच्या अंगापिंडाचे व पोशाखाचे कौतुकाने वर्णन आहे; तिसऱ्यात इंग्लंडच्या टेनिसनशी तुलना करून आपलेच पारडे जड ठरवले आहे, आणि तो लेख आला फाउलर-वेल्स यांच्याच मासिकात! दुकानदार, परीक्षक आणि ग्रंथकार अशी तिघांची मिळून एकच पंगत. नोव्हेंबर १८५६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने हे बिंग फोडले. दुसरी आवृत्ती पडून राहिली.

आम्ही व्हिटमनला ढोंगी म्हणावयास तयार नाही. त्याची कविता अस्सल होती, हे पुढे साऱ्या जगाने मान्य केले. पण म्हणूनच त्याचे हे करणे अधिक डोळ्यांत भरते. जे स्वतःच्या नावाने निर्भयपणे म्हणता येत होते, ते त्याने दुसऱ्याचा मुखवटा घालून म्हटले. स्वतःच्या कवितेत ‘मी’ ‘मी’ म्हणून गर्जणारा हा पुरुष परीक्षणात मात्र आपले नाव लपवतो! आपले पुस्तक आपल्या हाताने लोकांच्या दारी नेण्यात कमीपणा नाही. दोष आहे तो दुसऱ्याच्या तोंडाने आपण बोलण्यात. मूर्खलक्षणांतील ‘स्तुती’चा अर्थ आम्ही तरी असाच लावतो.

एमर्सन रागावले खरे. परंतु त्यांनी संबंध तोडला नाही. १८६० साली तिसरी आवृत्ती बोस्टनला निघत असताना ते व्हिटमनसह तेथल्या मैदानात फेऱ्या घालीत बराच वेळ बोलले आणि शृंगाराच्या काही कविता गाळण्याचा सल्ला दिला. कवीने सारे ऐकून घेतले आणि एकही कविता गाळली नाही. ह्या आवृत्तीचे तरुण प्रकाशक आपण होऊन त्याच्याकडे आले होते, पण वर्षभरात त्यांचेच दिवाळे निघाले.

१८७३ साली व्हिटमनला पक्षाघात झाला आणि तो न्यू जर्सीतील कॅम्डेन गावी भावाच्या आश्रयाला गेला. १८७६ च्या जानेवारीत तेथल्या एका स्थानिक पत्रात अमेरिकेने आपल्या कवीची कशी उपेक्षा चालवली आहे, असा निनावी लेख आला. तो कोणी लिहिला असेल हे आता आपण ओळखले असेलच! त्याने तो इंग्लंडमध्ये विल्यम रोसेटी यांच्याकडे पाठवला, तेथल्या पत्रांत वादंग माजले आणि पुस्तकाला परदेशी वर्गणीदार मिळाले. म्हणजे ही युक्ती फळास आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याला खरा आधार दिला तो लेखाने नव्हे. त्या वर्गणीदारांनी दिला, आणि त्यांतले पुष्कळजण आधीपासूनच त्याचे वाचक होते. त्या वर्षीची आवृत्ती व्हिटमनने स्वतःच काढली, दोन खंडांची जोडी दहा डॉलरला. मागणी येई तसे पुस्तक बांधून टपालाने धाडावे आणि कोणाला, कोठे, केव्हा पाठवले ते रोजनिशीत टिपावे, असा त्याचा क्रम होता. त्या रोजनिश्या आज छापून उपलब्ध आहेत. त्यांत काव्य नाही, नुसते पत्ते आणि डॉलर आहेत. पण स्वतंत्र ग्रंथकाराने वाचावयाचे याहून उपयुक्त पुस्तक आम्हांस माहीत नाही. फेसबुकवरचे अनुयायी फेसबुकच्या मालकीचे. आज दिसतात, उद्या यंत्राने फासा उलटा टाकला की दिसेनासे होतात. वहीतले पत्ते मात्र लेखकाच्या मालकीचे.

हेच भान आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना पुरेपूर होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९१२ साली ते परतले, तेव्हा ज्ञानकोशासारखा अवाढव्य ग्रंथ काढणारा प्रकाशक मराठीत कोठून असणार! त्यांनी मर्यादित मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार जमवले, आणि ग्रंथ पुरता निघण्याआधी त्याचा वाचक उभा केला. काम उरकत येताच, १९२७ साली, ‘माझे बारा वर्षांचे काम’ ह्या नावाने मंडळाचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला. तोही स्वतःचा डंकाच म्हणावयाचा. पण खाली सही होती.

व्हिटमनकडे अखेरीस आणखी एक साधन आले, आणि ते ह्या व्यासपीठाच्या ओळखीचे आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७९ च्या एप्रिलमध्ये, लिंकनच्या मृत्युदिनानिमित्त व्हिटमनने न्यूयॉर्कला व्याख्यान दिले. तेच व्याख्यान तो पुढे अनेकदा देत राहिला. अर्धांगाने लंगडणारा म्हातारा खुर्चीत बसून बोले. येथे मुखवटा नव्हता. समोर श्रोते होते आणि बोलणारा कोण ते साऱ्यांना दिसत होते.

१८८२ साली बोस्टनच्या सरकारी वकिलाने पुस्तक अश्लील ठरवले, प्रकाशकाने अंग काढून घेतले आणि फिलाडेल्फियात निघालेली आवृत्ती ह्याच बोभाट्यामुळे झपाट्याने खपली. त्या प्राप्तीतून व थोड्या उसनवारीतून १८८४ साली पासष्टीच्या व्हिटमनने कॅम्डेनच्या मिकल स्ट्रीटवर १७५० डॉलरला एक लहानसे घर घेतले. लँकेशरमधील बोल्टन ह्या गिरण्यांच्या गावी काही साधी माणसे त्याच्या कविता एकत्र जमून वाचीत आणि दरसाल वाढदिवसाला त्याला पत्र पाठवीत. १८९० च्या जुलैत त्यांच्यातले डॉक्टर जॉन्स्टन समुद्र ओलांडून त्या घराच्या दारात येऊन उभे राहिले.