सात सेकंदांचं घराणं

वर्धा-अमरावतीकडे ज्यानं रात्र जागून खंजिरी भजन ऐकलं आहे, त्याला ड्रम अँड बास हा प्रकार समजावून सांगायला फार वेळ लागू नये. शब्द संथ चालतात, खंजिरीवरचा हात दुपटीनं धावतो आणि दोघांचा हिशेब समेवर चुकता होतो. १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून खंजिरीवर भजनं गाणारे तुकडोजी महाराज सेवाग्रामात महिनाभर राहिले, तेव्हा आश्रमानंही हीच लय ऐकली असणार. ड्रम अँड बासमध्ये ड्रम मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके घेतात आणि बास त्याखाली निम्म्या चालीनं सरकत असतो. श्रोत्यानं मान कोणत्या लयीवर डोलवायची, हे त्याचं त्यानं ठरवायचं. नुसता वेग ऐकणाऱ्याला हा सगळा गोंगाट वाटतो, आणि त्यात त्याचाही दोष नाही. ठाय, म्हणजे संथ लय, कुठे आहे ते कोणी दाखवलेलंच नसतं.

या संगीताचं कूळ शोधत मागे गेलं की आपण १९६९ सालात, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात पोचतो. वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाला तिथे ध्वनिमुद्रण करताना तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी काहीतरी हवं होतं. पहिल्या बाजूवरचं ‘कलर हिम फादर’ गाजलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. दुसऱ्या बाजूवर एका जुन्या चर्चगीताच्या आधारानं झटपट बसवलेली ‘आमेन, ब्रदर’ ही वादनरचना गेली. तिच्यात साधारण १ मिनिट २६ सेकंदांवर बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा चार आवर्तनं वाजवतो. अशा तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. सगळा मामला सात सेकंदांचा.

त्या चार आवर्तनांत काय आहे ते नीट ऐकण्यासारखं आहे. पहिली दोन जवळजवळ सारखी. तिसऱ्यात स्नेअर या ड्रमचा शेवटचा ठोका अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा पडतो. चौथं सुरू होतं तेच मुळी गप्प राहून. जिथे हमखास थाप पडायची तिथे काहीच नाही, आणि मग सिंबलचा मोठा झणत्कार वेळेआधीच येऊन आदळतो. एवढ्याशा जागेत मांडणी, ओढ आणि मोड असं सगळं बसलंय. तबलजी ज्याला ‘डौल’ म्हणतात तो हाच.

ही तबकडी सतरा वर्षं तशी पडून होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या डीजेंसाठी निघालेल्या ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या संग्रहात तिचा समावेश झाला आणि ध्वनीचे तुकडे उचलून पुन्हा वाजवणारं सॅम्पलर नावाचं यंत्र हाताशी असलेल्या पोरांना ती सापडली. आधी रॅपवाल्यांनी ती संथ करून वापरली. १९९०च्या सुमारास लंडनच्या पोरांनी उलटं केलं: वेग वाढवला, आणि त्याखाली जमैकाहून आलेल्यांच्या साउंड सिस्टिमचा पोटात घुमणारा बास घातला. त्यातून जंगल हा प्रकार झाला, आणि जंगलमधून ड्रम अँड बास.

नुसता वेग वाढवून मात्र भागलं नाही. त्यांनी त्या सात सेकंदांचे तुकडे केले. पायानं वाजवायची किक वेगळी, स्नेअर वेगळा, सिंबलची शेपटी वेगळी. आणि मग ते नव्या क्रमानं लावत बसले. आपल्याकडे तबल्यात कायद्याचे पलटे असेच बांधतात. बोल कायद्यातलेच घ्यायचे, बाहेरचा आणायचा नाही, आणि तेवढ्यात अर्धा तास रंगवून दाखवायचा. लंडनच्या अंधाऱ्या खोल्यांत संगणकापुढे बसलेल्या या मुलांना कायदा शिकवायला कोणी खाँसाहेब नव्हते, तरी नियम तोच निघाला. मला या संगीताचा आदर वाटतो तो इथे.

१९९५ मध्ये गोल्डी या कलावंताचा ‘टाइमलेस’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. वॉल्सॉलमध्ये जन्मलेला, बालगृहांत आणि परक्या घरांत वाढलेला, भिंतींवर ग्राफिटी रंगवणारा हा माणूस. यंत्रांची बाजू रॉब प्लेफर्डनं सांभाळली. शीर्षकाची रचनाच एकवीस मिनिटांची! डायेन शार्लमेनचा आवाज विलंबित ख्यालाच्या ऐटीत तरंगत राहतो आणि खाली ड्रम खळाळत असतात. नाचाच्या संगीताला एकवीस मिनिटं ऐकायला लावण्याची छाती त्याआधी फारशी कोणी केली नव्हती. अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या स्थानापर्यंत चढला. दुसऱ्या तबकडीत भरताड आहे, हेही सांगून टाकतो.

त्याच साली लंडनच्या ‘ब्लू नोट’ क्लबात रविवारी गोल्डीच्या मंडळींची बैठक असे आणि सोमवारी तबलावादक तलविन सिंगची ‘अनोखा’. एकाच खोलीत एका रात्री ब्रेक, दुसऱ्या रात्री तबला. तलविनच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. २००० सालच्या ‘ताला मॅट्रिक्स’ या अल्बममध्ये झाकिर हुसेन, तलविन यांच्याबरोबर दोन नावं अशी, की मराठी वाचकानं थबकावं. एक त्रिलोक गुर्टू, गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव. दुसरा कर्ष काळे, म्हणजे उत्कर्ष काळे. जन्म १९७४, वेस्ट ब्रॉमविचचा. हे गाव गोल्डीच्या वॉल्सॉलला अगदी लागून, हा योगायोग मला उगाच आवडतो.

कर्ष न्यूयॉर्कमध्ये वाढला. हातात तबलाही आणि ड्रमसेटही. २००१ मधल्या त्याच्या ‘रिअलाइज’मध्ये विजेच्या यंत्रणेला जोडलेला तबला ब्रेकच्या जागी उभा राहतो. पलटे करणारं यंत्र पुन्हा पलटे करणाऱ्या बोटांकडे आलं. सगळाच अल्बम त्या उंचीवर राहत नाही, काही ठिकाणी सुरांचा मुलामा जास्त होतो. पण जिथे तबला आणि बास दोघेच उरतात तिथे तोड नाही.

तबलजी घराण्यातला कायदा वाजवताना गुरूचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो. इथे तसं झालं नाही. कोलमनच्या सात सेकंदांवर हजारो रचना उभ्या राहिल्या. त्याला एक पैसा मिळाला नाही. वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला हा सगळा प्रकार कळला तो १९९६ मध्ये, ब्रिटनमधून मूळ टेपची चौकशी करणारा फोन आला तेव्हा. दाव्याची मुदत उलटून गेली होती. कोलमन २००६ मध्ये अटलांटातच वारला, हलाखीत. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून स्पेन्सरला सुमारे २४,००० पौंड दिले.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, तिथे बास पोचतच नाही. बरा हेडफोन घ्या. आधी ‘आमेन, ब्रदर’ची ती चार आवर्तनं, मग ‘टाइमलेस’ची पहिली तबकडी, मग ‘रिअलाइज’. टाळी मात्र निम्म्या लयीत धरा, ड्रमच्या मागे लागू नका.