एक साचा, दोन नळ्या

एक फोटो आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये, फोर्ट समनर नावाच्या वस्तीत, साधारण १८८० साली काढलेला. विशीतला किरकोळ अंगाचा पोरगा, डोक्यावर चेपलेली टोपी, हाताशी रायफल, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि रिव्हॉल्व्हर. हा बिली द किड. फोटो लोखंडी पत्र्यावर घेतलेला, त्यामुळे आरशातल्यासारखा उलटा. पुष्कळ वर्षं लोक समजत राहिले, की बिली डावखुरा होता. १९५८ साली तेच नावात घेऊन सिनेमाही निघाला. पुढे जाणकारांच्या ध्यानात आलं, की विंचेस्टर रायफलीत काडतुसं भरायची खिडकी उजव्या अंगाला असते आणि फोटोत ती डावीकडे दिसते आहे. माणसांची चूक बंदुकीनं दुरुस्त केली.

मी कविता लिहिणारा माणूस. बंदूक आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. पण हा फोटो पाहताना एक अगदी संसारी प्रश्न मनात आला. दोन हत्यारं बाळगायची, तर दोघांच्या पोटापाण्याचं काय? दोघांची काडतुसं वेगळी असतील तर दोन प्रकारची ओझी झाली. ऐन वेळी, अंधारात, घोड्यावर बसून, बोटांनी चाचपून ओळखायचं की ही हिची आणि ती तिची. दुकान तीन दिवसांच्या वाटेवर असलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं.

यावरची तोड १८७३ साली निघाली, तीही अर्धीच. त्या वर्षी विंचेस्टर कंपनीनं तरफेची नवी रायफल आणली आणि तिच्यासाठी नवं काडतूसही. त्याला पुढे सगळे ‘४४-४०’ म्हणू लागले. ४४ हा नळीच्या मापाचा, शतांश इंचातला, ढोबळ आकडा. ४० ग्रेन ही आतली काळी दारू. (दारू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ औषध. आपण त्याचं काय काय केलं पाहा.) गोळी २०० ग्रेनची. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे गोळी तोळ्याहून थोडी जड आणि दारू पाव तोळ्याला थोडी कमी. त्याच १८७३ साली कोल्ट कंपनीचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर अमेरिकी लष्करानं स्वीकारलं. त्याचं काडतूस मात्र ४५चं, निराळं. ते रायफलीत चालत नसे. कोल्टनं आपलं रिव्हॉल्व्हर ४४-४०साठी बनवायला घेतलं ते १८७८च्या सुमारास. त्याच साली आपल्याकडे लिटनच्या सरकारनं हत्यारांचा कायदा करून लोकांच्या घरातल्या बंदुका परवान्याखाली आणल्या. तिकडे मात्र शेतकऱ्यापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांची सोय झाली. पट्टा एक, काडतूस एक, नळ्या दोन.

लष्कराला हे जमलं नव्हतं. २५ जून १८७६ रोजी मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी जनरल कस्टरची सातवी घोडदळ पलटण लाकोटा आणि शायेन योद्ध्यांवर चालून गेली, तेव्हा प्रत्येक शिपायाजवळ कार्बाइनची १०० आणि रिव्हॉल्व्हरची २४ काडतुसं होती. दोन्ही म्हणायला ४५ची. पण कार्बाइनची गोळी ४०५ ग्रेनची आणि रिव्हॉल्व्हरची त्याहून बरीच हलकी. एकीचं काडतूस दुसरीत जाईल ही गोष्टच नको. नावाचा सारखेपणा कागदावर. बरं, त्यात आणखी गंमत अशी, की लष्करानं स्मिथ अँड वेसनचं दुसरं एक रिव्हॉल्व्हरही घेतलं होतं. कोल्टचं लांब काडतूस त्यात मावेना. शेवटी सरकारी कारखान्यानं आखूड काडतूस काढलं, ते दोन्ही रिव्हॉल्व्हरांत बसे.

१९८३ साली त्या रणभूमीवरचं गवत पेटलं, जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी ती इंच इंच शोधली. योद्ध्यांच्या मोर्च्यांच्या जागी ज्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, त्यांत हेन्री आणि विंचेस्टर रायफलींच्या होत्या, १८७३च्या मॉडेलच्याही. कस्टरचे शिपाई दर गोळीमागे नवं काडतूस भरत होते. ज्यांना सरकार रानटी म्हणत होतं, त्यांच्यापैकी काहींच्या हातात अधिक नवी बंदूक होती. लढाई त्यांनी जिंकली. पुढे जमीन गेलीच, ती गोष्ट वेगळी.

आता घरच्या कामाकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. आधीच्या हेन्री रायफलीची पुंगळी एकदा उडवली की फेकून द्यायची. ४४-४०च्या पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी टोपी असे. ती काढून नवी बसवता येई, म्हणजे पुंगळी पुन्हा भरता येई. विंचेस्टर कंपनी त्यासाठीची हत्यारं आणि गोळ्यांचे साचे स्वतःच विकत असे. १८८४ साली जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिच्या सांडशीसारख्या एका अवजारात साचाही होता आणि काडतूस भरायची सोयही. घोड्याच्या खोगिरात मावणारा कारखानाच म्हणायचा. ४४-४०साठी तिच्या एका साच्याचा क्रमांक ४२७९८. पहिले तीन आकडे गोळीच्या व्यासाचे, म्हणजे ०.४२७ इंच, आणि उरलेले नमुन्याचे. नाव ४४, माप ४२.७! नावाला भुलू नये हे इथेही आलंच.

एक पौंड शिशात अशा ३५ गोळ्या होतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीवरच्या लोखंडी भांड्यातही. त्यात थोडं कथील घालतात, म्हणजे गोळी जरा कडक होते आणि साच्याचा कोपरा न् कोपरा भरते. हेच कथील आमच्या गल्लीत कल्हईवाला निखाऱ्यावर धरलेल्या पातेल्यात फिरवायचा. त्या नवसागराचा धूर मला अजून आठवतो. गोळीच्या अंगावर खाचा असतात. त्यांत मेण आणि चरबी भरायची, म्हणजे काळ्या दारूची काजळी नळीत मऊ राहते. काडतूस आणि चरबी हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्याला १८५७ आठवणार. तिकडे तिच्यावरून कुणाचा धर्म बुडाला नाही.

पण गोळी ओतली आणि काम झालं, असं नाही. साचा एक असला तरी गोळी एकसारखी पडत नाही. निव्वळ शिसं थंड होताना जास्त आकसतं, मिश्रण कमी आकसतं. म्हणून मग गोळी पोलादी भोकातून दाबून एका मापावर आणायची, सोनार पट्टीच्या भोकातून तार ओढतो तशी. आणि इथेच दोन बंदुकांचं भांडण सुरू होतं. रायफलीची नळी लांब, आत पिळाच्या खाचा. गोळी त्या खाचांच्या तळाला भिडेल एवढी हवी. बारीक असेल तर तापलेला वायू बाजूनं निसटतो, शिसं खरवडतो आणि नळीला चिकटवून ठेवतो, नेम गेलाच. रिव्हॉल्व्हरला एक नळी आणि सहा घरं. गोळी आधी घराच्या तोंडातून जाणार, मग नळीत शिरणार. तोंड अरुंद असेल तर गोळी तिथेच पिळली जाते आणि नळीत बारीक होऊन पोचते. आणि गोळी जाड केली, तर पुंगळीची पातळ मान फुगते आणि काडतूस घरात जातच नाही.

हा फरक केवढा? एक-दोन सहस्रांश इंच. डोक्याचा केस सुमारे तीन सहस्रांश इंच जाड असतो. कारखान्यांची मापं त्या काळी इतकी काटेकोर नव्हती. जुन्या नळ्या ०.४२७ म्हणवतात आणि दोन-तीन सहस्रांशांनी इकडे तिकडे निघतात. म्हणून जाणकार नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढतात आणि त्यावर उठलेलं माप मोजतात. निवड करायची ती अशी: दोन्हींतली सर्वांत रुंद नळी भरेल, तरीही सर्वांत अरुंद घरात काडतूस जाईल, एवढीच जाड गोळी. असं माप निघतंच असं नाही. तेव्हा शिसं मऊ ठेवायचं. काळ्या दारूचा दणका गोळीला मागून ठोकतो, ती किंचित फुगते आणि नळी स्वतःच भरते. दोन्हीकडची उणीव शिसं अंगावर घेतं.

आकाराच्या बाबतीत मात्र रायफलीचंच चाललं. तिच्यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक उभी राहतात. एकीचं नाक दुसरीच्या बुडाच्या टोपीला टेकलेलं. टोकदार गोळी दणक्यानं पुढचीला पेटवायची. म्हणून गोळीचं नाक चपटं. रिव्हॉल्व्हरला त्याची काही गरज नव्हती, तिनं ते निमूट स्वीकारलं.

ही जोडी पुढे बिघडली ती दारूमुळेच. १८९०च्या दशकात बिनधुराची दारू आली. ती थोडी पुरते, त्यामुळे पुंगळी अर्धी रिकामी राहू लागली. आधी खाली ठासलेली दारू गोळीला आधार देत असे. आता नळकांड्यातल्या स्प्रिंगच्या दाबानं गोळी आत ढकलली जाई. मग गोळीवर पुंगळीची कड आवळायला वेगळी खाच आली. आणि १८९२च्या भक्कम रायफलीसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जोरदार काडतुसं निघाली, त्यांच्या खोक्यांवर सूचना असे, की ही रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नयेत. मावायला ती मावत होती! सूचना वाचली नाही तर हात जायचा. आज जुन्या पद्धतीच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात, त्यांत इटलीत घडवलेल्या प्रतिकृती वापरतात. त्यांच्या नळ्या बहुधा ०.४२९च्या, जुन्या कोल्टच्या ०.४२७च्या. भांडण चालूच आहे.

फोटोतल्या पोराचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डिसेंबर १८८० मध्ये शेरीफ म्हणून निवडून आलेल्या पॅट गॅरेटनं बिलीच्या टोळीला वेढा घालून पकडलं, तेव्हा टोळीतल्या बिली विल्सनकडून त्यानं एक विंचेस्टर आणि एक कोल्ट काढून घेतलं, दोन्ही ४४-४०ची. बिली द किड पुढे तुरुंगातून निसटला. १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट समनरमध्ये, एका अंधाऱ्या खोलीत, गॅरेटनं त्याच कोल्टमधून दोन गोळ्या झाडल्या. पहिलीच लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये ते रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसच्या लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. बिलीचा तो उलटा फोटो त्याआधी, २०११ मध्ये, २३ लाखांना विकला गेला होता.