अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डॉक्टर होण्याचे दोन मार्ग आहेत. एका प्रकारच्या महाविद्यालयातून 'एम.डी.' ही पदवी मिळते, तर दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयातून 'डी.ओ.' म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' ही पदवी मिळते. औषधे लिहून देणे, शस्त्रक्रिया करणे, रुग्णालयात काम करणे, लष्करात वैद्यकीय अधिकारी होणे हे सर्व अधिकार दोन्ही पदवीधरांना समान आहेत. आज त्या देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयांत शिकतात.

'ऑस्टिओपॅथी' हा शब्द ऐकताच हाडवैद्यकीची आठवण होणे स्वाभाविक आहे. या शास्त्राचा प्रवर्तकही एके काळी हाडे बसवणारा म्हणूनच गावोगावी ओळखला जात असे. शिवाय ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार नोंदणी होणारा ऑस्टिओपॅथ हा केवळ हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो. अमेरिकेतील डी.ओ. मात्र पूर्ण अर्थाने डॉक्टर असतो. एकाच उगमातून निघालेल्या या दोन प्रवाहांत एवढे अंतर का पडले, याचे उत्तर अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात आहे. प्रस्तुत निबंधात या शिक्षणाची स्थापना, त्याचा संघर्ष, त्याला मिळालेली मान्यता आणि आजचा अभ्यासक्रम यांचा आढावा घेतला आहे. त्याचबरोबर, मान्यता मिळवताना आपले वेगळेपण किती टिकवायचे, हा या संस्थांपुढील मध्यवर्ती प्रश्नही तपासला आहे.

पार्श्वभूमी :

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते व वैद्यकीही करीत. स्टिल यांनी त्या काळच्या सीमावर्ती प्रदेशातील रूढ पद्धतीप्रमाणे वडिलांच्या हाताखाली आणि अनुभवातून वैद्यकी आत्मसात केली. अमेरिकन यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने लढले. १८६४ मध्ये मस्तिष्कावरणदाहाच्या साथीत त्यांच्या घरातील तीन मुले दगावली. उपलब्ध असलेले सर्व वैद्यकीय साहाय्य घेऊनही मुले वाचली नाहीत, हा आघात त्यांच्या पुढील विचारांना कारणीभूत ठरला.

त्या काळातील औषधोपचारांचे स्वरूप लक्षात घेतल्यास त्यांचा रोष निराधार म्हणता येत नाही. रक्तस्राव घडवणे, पाऱ्याची संयुगे देणे, अफूचा व मद्याचा सढळ वापर करणे हे नित्याचे उपाय होते. जंतुसिद्धान्ताची प्रतिष्ठापना अद्याप व्हायची होती. अशा वेळी स्टिल यांनी औषधांचा मार्ग सोडून शरीररचनेकडे लक्ष वळवले. शरीराची रचना बिघडली की रक्ताभिसरणात व मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि त्यातून रोग उद्भवतो; हाताने ती रचना सुधारली असता शरीर स्वतःच बरे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. २२ जून १८७४ ही तारीख त्यांनी आपल्या विचाराचा जन्मदिवस मानली. कॅन्सस राज्यातील बाल्डविन येथील बेकर विद्यापीठात हे विचार मांडण्यास त्यांना अनुमती मिळाली नाही. १८७५ मध्ये ते मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहान गावी आले व तेथेच स्थिरावले.

पहिले विद्यालय :

१८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' सुरू झाले. एडिंबरोत शिकलेले डॉ. विल्यम स्मिथ यांनी शरीररचनाशास्त्र शिकवावे व त्याबदली स्टिल यांनी त्यांना आपली विद्या द्यावी, असा परस्परांत ठराव झाला होता. एका लहानशा लाकडी इमारतीत भरलेल्या या पहिल्या वर्गात स्त्रियांनाही प्रवेश होता. त्या काळी अनेक वैद्यकीय विद्यालये स्त्रियांना दारात उभे करीत नसत, हे पाहता ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

विद्यालयाच्या सनदेनुसार एम.डी. ही पदवी देणेही शक्य होते. परंतु स्टिल यांनी हेतुपुरस्सर डी.ओ. ही वेगळी पदवी स्वीकारली. आपले पदवीधर प्रचलित वैद्यकात मिसळून जाऊ नयेत, ही त्यामागील भूमिका होती. पुढील शतकभराचा सारा वाद या एका निर्णयातून उद्भवला, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभीचा अभ्यासक्रम अल्प मुदतीचा होता. शरीररचनाशास्त्र हा त्याचा कणा आणि औषधशास्त्राला त्यात जवळजवळ मज्जाव होता. तथापि कर्क्सव्हिलला येणाऱ्या रुग्णांची व विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि इतर गावांतही अशी विद्यालये निघाली. १८९६ मध्ये व्हर्माँट राज्याने या व्यवसायास प्रथम कायदेशीर मान्यता दिली; १८९७ मध्ये मिसूरीने तिचे अनुकरण केले. त्याच वर्षी व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९०१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळापुढे सुविख्यात लेखक मार्क ट्वेन यांनी ऑस्टिओपॅथीच्या बाजूने साक्ष दिली. आपल्या शरीरावर कोणाकडून उपचार करून घ्यावेत हे ठरविण्याचा हक्क नागरिकाला असावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

फ्लेक्सनर अहवाल आणि अभ्यासक्रमातील परिवर्तन :

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहणी केलेल्या संस्थांत ८ ऑस्टिओपॅथिक विद्यालये होती. अपुऱ्या प्रयोगशाळा, रुग्णालयीन अनुभवाचा अभाव आणि केवळ शुल्कावर चालणारा कारभार असे कठोर ताशेरे त्यांनी या विद्यालयांवर ओढले. फ्लेक्सनर यांचा मूळ मुद्दा असा होता की, उपचाराची पद्धती कोणतीही असो, रोगनिदान करणाऱ्याला मूलभूत विज्ञाने आलीच पाहिजेत.

या अहवालानंतर अनेक सामान्य वैद्यकीय विद्यालये बंद पडली. होमिओपॅथी व 'इक्लेक्टिक' पंथाची विद्यालयेही पुढील काही दशकांत लयास गेली वा त्यांनी आपले स्वरूप बदलले. ऑस्टिओपॅथिक विद्यालयांची संख्या घटली, परंतु परंपरा टिकून राहिली. त्यांची स्वतःची रुग्णालये होती, संघटना होती व ग्रामीण भागात निष्ठावान रुग्णवर्ग होता. तथापि टिकून राहण्याचे मूल्य त्यांना द्यावे लागले. अभ्यासक्रमाची मुदत टप्प्याटप्प्याने चार वर्षांवर गेली, प्रवेशाच्या अटी कडक झाल्या आणि १९२९ मध्ये राष्ट्रीय संघटनेने औषधशास्त्राच्या अध्यापनास मान्यता दिली. स्टिल यांचे निधन १९१७ मध्ये झाले होते. ज्या विषयाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला तो त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी अभ्यासक्रमात आला. हा विचारांचा पराभव होता की काळाबरोबर आलेली परिपक्वता होती, याविषयी त्या वेळीही मतभेद होते.

कॅलिफोर्नियातील विलीनीकरण :

दुसऱ्या महायुद्धात डी.ओ. पदवीधरांना लष्करात वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले गेले नाही. परिणामी, एम.डी. डॉक्टर आघाडीवर गेले असता गावोगावचे रुग्ण मागे राहिलेल्या डी.ओ. डॉक्टरांकडे आले व युद्धानंतरही त्यांच्याकडेच राहिले. अपमानातून व्यवसायाची वृद्धी व्हावी, असा हा विलक्षण योग होता. मात्र 'अमेरिकन मेडिकल असोसिएशन'च्या लेखी ते अजूनही पंथीयच होते. त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे एम.डी. डॉक्टरांना नीतिबाह्य मानले जाई.

या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियात एक अभूतपूर्व घटना घडली. १९६१ मध्ये तेथील दोन्ही पंथांच्या राज्य संघटनांनी विलीनीकरणाचा करार केला. लॉस एंजेलिस येथील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाचे 'कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ मेडिसिन' असे रूपांतर झाले आणि १९६२ मध्ये राज्यातील सुमारे २,००० डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर शुल्क भरून एम.डी. ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी झालेल्या सार्वमताने राज्यात नवे डी.ओ. परवाने देणे बंद झाले.

या घटनेतून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत होते. एका अर्थी व्यवसायाचा शेवट जवळ आला होता. देशात आता केवळ पाच ऑस्टिओपॅथिक महाविद्यालये उरली होती. दुसऱ्या अर्थी, नव्याने रुग्णालयीन शिक्षण न घेता ज्यांना एम.डी. पदवी देता येते त्यांचे मूळ शिक्षण कमी प्रतीचे कसे म्हणावे, हा प्रश्न उभा राहिला. विलीनीकरण करणाऱ्यांनी नकळत प्रतिपक्षाच्या हाती सर्वांत प्रभावी युक्तिवाद दिला होता. ज्या मोजक्या डॉक्टरांनी डी.ओ. पदवी सोडण्यास नकार दिला त्यांनी लढा चालू ठेवला. अखेरीस १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डी.ओ. पदवीधरांना परवान्याचा मार्ग पुन्हा खुला केला आणि १९७७ मध्ये पोमोना येथे नवे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय स्थापन झाले.

मान्यता आणि विस्तार :

१९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या आदेशाने डी.ओ. पदवीधरांना लष्करी वैद्यकीय सेवेचे दार उघडले. १९७३ मध्ये मिसिसिपी राज्याने पूर्ण परवान्यास मान्यता दिली आणि पन्नासही राज्यांचे वर्तुळ पूर्ण झाले. मिशिगनमधील पाँटियॅक येथे १९६९ मध्ये सुरू झालेले खासगी महाविद्यालय १९७१ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचा भाग बनले. ऑस्टिओपॅथिक शिक्षणाला सार्वजनिक विद्यापीठाचा आश्रय मिळाल्याचा हा पहिला प्रसंग होय.

त्यानंतरच्या विस्ताराचे एक वैशिष्ट्य म्हणजे जेथे डॉक्टरांची टंचाई होती अशा प्रदेशांची निवड. पश्चिम व्हर्जिनियातील ल्युइसबर्ग, केंटकीतील पाइकव्हिल ही डोंगराळ प्रदेशातील लहान गावे त्याची उदाहरणे होत. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाने चेरोकी राष्ट्राच्या सहकार्याने टालेक्वा येथे २०२० मध्ये सुरू केलेल्या शाखेतून २०२४ मध्ये पहिली तुकडी पदवीधर झाली. मूलनिवासी समाजाच्या भूमीवर, त्याच समाजाच्या सहकार्याने वैद्यकीय शिक्षण देणारी ही अमेरिकेतील पहिली संस्था मानली जाते.

आजचा अभ्यासक्रम :

ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयातील प्रवेशासाठी सामान्यतः चार वर्षांची पदवी आणि एम.डी. महाविद्यालयांसाठी असलेली तीच 'एमकॅट' ही प्रवेश परीक्षा आवश्यक असते. अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. पहिल्या दोन वर्षांत शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र व औषधशास्त्र हे विषय शिकवले जातात. पुढील दोन वर्षे रुग्णालये व दवाखाने येथील प्रत्यक्ष प्रशिक्षणात जातात.

या विद्यार्थ्याचा वेगळेपणा हस्तोपचारांच्या तासात दिसतो. सर्वसाधारणपणे २०० तासांच्या या जादा शिक्षणात विद्यार्थी जोडीने काम करतात. एक जण मेजावर झोपतो व दुसरा त्याचे स्नायू, सांधे, मणके बोटांनी तपासतो, मग भूमिका बदलतात. रुग्ण होऊन दुसऱ्याच्या हातांचा स्पर्श अनुभवणे हा या शिक्षणाचाच एक भाग आहे. शरीर हे एकसंध आहे, त्यात स्वतःला सावरण्याची शक्ती आहे, रचना व कार्य परस्परावलंबी आहेत आणि उपचार या तत्त्वांवर आधारलेले असावेत, ही १९५३ मध्ये शब्दबद्ध झालेली चार तत्त्वे विद्यार्थ्यांना शिकवली जातात.

परवान्यासाठी या विद्यार्थ्यांना 'कॉमलेक्स' ही तीन पातळ्यांची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, म्हणजे 'रेसिडेन्सी'च्या जागा मिळवताना स्पर्धेत मागे पडू नये म्हणून अनेक जण एम.डी. विद्यार्थ्यांची 'यूएसएमएलई' ही परीक्षाही देतात. अशा रीतीने दुहेरी शुल्क व दुहेरी श्रम त्यांच्या वाट्याला येतात. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही पंथांच्या रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्था एकत्र करण्यात आली. परीक्षा मात्र वेगळ्याच राहिल्या.

अनुत्तरित प्रश्न :

समान अधिकार मिळाल्यानंतर वेगळेपणाचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक डी.ओ. डॉक्टर आपल्या ५ टक्क्यांहूनही कमी रुग्णांवर हस्तोपचार करतात, असे आढळले. या उपचारांच्या उपयुक्ततेचा पुरावाही मर्यादित आहे. कंबरदुखीवरील १९९९ मधील एका नियंत्रित अभ्यासात हस्तोपचार घेतलेले व नेहमीचे उपचार घेतलेले रुग्ण सारखेच सुधारले. परंतु पहिल्या गटाला औषधे कमी लागली. कवटीच्या हाडांवरील हस्तोपचारांसारख्या काही पद्धतींना तर सबळ शास्त्रीय आधार मिळालेला नाही. याशिवाय अनेक महाविद्यालयांना स्वतःचे रुग्णालय नसल्याने विद्यार्थ्यांना दूरदूरच्या सामान्य रुग्णालयांत विखुरले जावे लागते व प्रशिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा राखणे कठीण जाते.

निष्कर्ष :

ऑस्टिओपॅथिक शिक्षणाच्या इतिहासावरून असे दिसते की, हा पंथ आपल्या मूळ सिद्धान्ताच्या बळावर टिकला नाही. तो सिद्धान्ताला विज्ञानाची कसोटी लावू देण्याच्या तयारीमुळे टिकला. औषधांना विरोध करून जन्मलेल्या विद्यालयाने औषधशास्त्र स्वीकारले, म्हणूनच त्याचा पदवीधर डॉक्टर राहिला. त्याच वेळी कॅलिफोर्नियात पूर्ण विलीनीकरणाचा पर्याय समोर असताना काहींनी तो नाकारला, म्हणूनच डी.ओ. ही पदवी शिल्लक राहिली. केवळ आग्रहाने वा केवळ तडजोडीने हे साध्य झाले नसते.

आज या महाविद्यालयांचे समर्थन दोनशे तासांच्या हस्तोपचारांवर फार काळ करता येईल, असे वाटत नाही. त्यांचे खरे कार्य अन्यत्र दिसते. मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांनी ज्या गावांकडे पाठ फिरवली तेथे त्यांनी वर्ग भरवले आणि त्या गावांना डॉक्टर मिळवून दिले. कर्क्सव्हिल हेही असेच एक आडवळणाचे गाव होते. स्टिल यांच्या सिद्धान्तांपैकी बरेच काही काळाच्या ओघात मागे पडले असले, तरी वैद्यकीय शिक्षण गावापर्यंत नेण्याची त्यांनी घातलेली वहिवाट मात्र टिकून आहे आणि या परंपरेचे मूल्यमापन प्रामुख्याने त्याच निकषावर होणे उचित ठरेल.