एक राऊटर, वीस पोरं

तंत्रनिकेतनात नेटवर्किंगची लॅब माझ्याकडे आली तेव्हा सिस्को २५०१ म्हणजे वाडीतला एकुलता एक नळ होता. बॅच वीस पोरांची, राऊटर एक. निळी कन्सोल केबल पीसीच्या मागे खोचायची, हायपरटर्मिनलमध्ये ९६०० हा वेग निवडायचा, की एकजण टाइप करणार आणि बाकीचे मान वाकडी करून वहीत उतरवणार. त्यात कुणी कमांडचं स्पेलिंग चुकवलं, तर राऊटरला ते दुसऱ्या यंत्राचं नाव वाटे आणि तो त्याचा पत्ता शोधत बसे. एकोणीस जण त्या एकाकडे बघत. लाजरी मुलं तर कीबोर्डपाशी यायचीच नाहीत.

सिस्कोने नेटवर्किंग अकॅडमी १९९७ मध्ये काढली, पुढच्याच वर्षी सीसीएनए परीक्षा आली. शिकणारे वाढले, पण राऊटर काही स्वस्त होईनात. त्या अडचणीवर पॅकेट ट्रेसर हा पीसीवरच राऊटरची नक्कल करणारा सोपा तोडगा निघाला. २००५ च्या सुमारास ख्रिस्तोफ फियो या फ्रेंच माणसाचं डायनामिप्स आलं. त्यात राऊटरची अस्सल प्रणालीच पीसीवर चाले, पण प्रोसेसर धापा टाकायचा. जीएनएस३ पुढे त्याच्याच आधाराने उभं राहिलं.

पॅकेट ट्रेसर बघून नाकं मुरडली ती आम्ही मास्तरांनी. पोरांनी ते लगेच उचललं. ‘सोपं आहे म्हणून’ असं स्टाफरूममध्ये म्हणत. मला ते पटत नाही. चूक आता चारचौघांत होत नव्हती, हे खरं कारण. शिवाय, राऊटरवरून पिंग केला की आधी एक टिंब आणि मग चार उद्गारचिन्हं का येतात, हे मी फळ्यावर घसा कोरडा होईस्तोवर सांगत असे. पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये पत्ता विचारणारं एआरपीचं पाकीट आधी निघतं, स्विचपाशी फुटून सगळ्यांकडे जातं आणि उत्तर एकटाच देतो. हे बघितल्यावर प्रश्नच उरत नाही.

फक्त त्यातलं वेळ पुढे पळवायचं बटण मला खुपतं. खऱ्या स्विचवर केबल जोडल्यावर दिवा तीसेक सेकंद नारिंगी राहतो. जाळ्यात फेरा नाही अशी स्पॅनिंग ट्रीची खात्री झाली की मगच हिरवा होतो. बटणाची सवय झालेली पोरं दहाव्या सेकंदाला ‘सर, पोर्ट गेलं’ म्हणत केबल उपसतात, परत खोचतात, आणि ते तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.